पेट्या फुटल्या नाहीत, आक्का

आक्का, तुझा दहावा झाला तरी आपल्या दारातली माणसं हलत नाहीत. एकजण उठला की दुसरा येऊन बसतो. आधी मान खाली घालून हळहळतात, मग तंबाखू चोळता चोळता हळूच मूळ विषयावर येतात. कालव्याच्या रस्त्यानं आली असती तर आज जिवंत असती, म्हणतात. बाई हट्टानं गेली, म्हणतात. आणि शेवटी, कुणी ऐकू नये असा आवाज काढून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतात, "पेट्या दगडावर आपटल्या, त्यातली एक तरी फुटली का? मग एवढा वळसा कशापायी?"

मी ऐकून घेत होतो. दारात दुःखाला आलेल्या माणसाशी भांडू नये, एवढं तू मला शिकवलं आहेस. पण काल, ज्यांचा माल आपण वाहतो ते शेठ आले. ते खाटेवर टेकले, तुझ्याबद्दल चार बरे शब्द बोलले, आणि धोतराचा सोगा सावरत म्हणाले, "मारुती, झालं ते वाईट झालं. पण नवा माल स्टेशनात उतरलाय. आता गाड्या कालव्याच्या रस्त्यानं ने. ते माळाचं खूळ बाईबरोबर गेलं असं समज."

खूळ म्हणाले. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. शेठना उद्या सकाळी स्टेशनात काय उत्तर द्यायचं ते मी ठरवलंय, पण आधी तुझ्याशी बोलतो. या जगात मी सगळ्यात जास्त भांडलो ते तुझ्याशीच. तुझ्या पैशानं शाळेत गेलो म्हणून लिहिता येतं, तेव्हा लिहूनच बोलतो. तू वाचू शकत नव्हतीस, आणि आता तर प्रश्नच मिटला.

आपल्या गाड्यांत काय असतं ते आपल्या वस्तीला ठाऊक होतं, कारण गाडीवान सगळे वस्तीतलेच. विहिरींचा कातळ फोडायची सुरुंगाची दारू रेल्वेनं बारामतीला यायची आणि तिथून आपल्या गाड्या ती इंदापूरच्या बाहेरच्या कोठारात पोचवायच्या. मग तिकडं बावडा गावाच्या बाजूला विहिरी खोल जायच्या आणि लोक पाण्याला नारळ फोडायचे. त्यांच्या पाण्यात तुझाही वाटा होता हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. रस्त्यावरच्या गावांना तर पेट्यांत काय आहे याचा वाससुद्धा लागू द्यायचा नाही, अशी शेठची अट होती. कळलं तर लोक दारू चोरतील, डुकरं मारायला नेतील, नदीत मासे मारायला नेतील, असं त्यांचं म्हणणं. तू शब्द दिलास. शब्द दिल्यावर तुझं तोंड उघडणं म्हणजे काय, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

तुझा कारभार आठवला की अजून हसू येतं, आणि मग हसल्याचा राग येतो. स्टेशनातून निघायच्या आधी तू एकेका गडी माणसासमोर उभी राहून हात पुढं करायचीस. चंची, चकमक, बिड्या, काडेपेटी, सगळं तुझ्या ओच्यात. मिशा पिकलेली माणसं शाळेतल्या पोरासारखी खिसे उलटे करून दाखवायची. सोपानानं एकदा पटक्याच्या घडीत बिडी लपवली, तर तू पटकाच सोडायला लावलास. भर स्टेशनात बोडका उभा होता तो. "आक्का, अब्रू घालवली माझी," म्हणाला. तू म्हणालीस, "अब्रू हाय, हितंच ऱ्हायली. जीव गेला तर कुठं शोधायचा?" तोच सोपाना पुढं तुझ्या गाडीवर बसायला लागला, आणि तुझ्याशिवाय कुणाचं ऐकेना.

बैलांच्या घुंगरमाळा काढलेल्या, पेट्यांच्या मध्ये गवताच्या पेंढ्या, वर ओलं तरट. दोन गाड्यांत एका हाकेचं अंतर. पुढं कुठं धूर दिसला की थांबायचं, मूठभर माती वर उधळायची, आणि वारा कुठून कुठं चाललाय ते बघूनच बैल हलवायचे. ही मातीची रीत आपल्या बापाची. मेंढरं वाऱ्याच्या अंगानं बसवताना तो माती उधळायचा. वाटसुद्धा त्याचीच. बारामतीच्या उत्तरेकडून माळ धरायचा, पिकं टाळत, गावं टाळत वरकुट्याकडं निघायचं. आपल्या मेंढरांनी कुणाच्या शेताला तोंड लावू नये म्हणून आजा-पणजानं पाडलेली वाट ती. मेंढरं गेली, बापही गेला, आणि त्या वाटेवर तू दारू घातलीस. मला तेव्हा ते फार भारी वाटलं होतं. तुला तसं कधी सांगितलं नाही, कारण तोपर्यंत आपलं भांडण सुरू झालं होतं.

भांडण कशावरून ते वस्तीला पाठ आहे. कालव्याचा रस्ता सपाट, कडेला झाडं, बैलांना पाणी. माळावर नुसता मुरूम आणि धोंडे, आणि उन्हाळ्यात प्यायला थेंब नाही. पण कालव्याच्या रस्त्याला ऊस, आणि उसाच्या जिवावर गुऱ्हाळं. हिवाळा लागला की हाकेच्या अंतरावर रस आटवायची चुलवणं पेटलेली, रस काढून वाळत घातलेल्या चिपाडांचे ढीग रस्त्याला टेकलेले, आणि धुराड्यातून ठिणग्या उडतायत. ते मी कबूल करत होतो. माझं म्हणणं एवढंच होतं, की चैत्र सरला की गुऱ्हाळं थंड पडतात. मग उन्हाळ्यात बैलांना माळावर कशाला मारायचं?

"दोन वाटा केल्या की मग कारणं सापडत्यात," तू म्हणायचीस. "आज उन्हाळा म्हणून, उद्या बैल आजारी म्हणून, परवा शेठ घाईत हाय म्हणून. एकच वाट ठिव. बैलालाबी ठाऊक, माणसालाबी ठाऊक."

"बैल तुझ्या हट्टापायी मरतील."

"बैल मेलं तर मी रडंन. पर गाव मेलं तर रडायला कोण ऱ्हाईल?"

यावर मी चिडायचो. मग तू भाकरीवर ठेचा वाढून माझ्यापुढं सरकवायचीस, म्हणजे भांडण त्या दिवसापुरतं मिटलं.

तो काटेवाडीचा दिवस मात्र मी विसरू शकत नाही. तेव्हा आपण अजून कालव्याच्याच रस्त्यानं जात होतो. गुऱ्हाळावरून जाणाऱ्याला कोरड्या तोंडानं जाऊ द्यायचं नाही, ही तिथली रीत. गाडीवान असो नाहीतर गोसावी, त्याला हाक मारून रस पाजायचा, द्रोणात गरम काकवी द्यायची. त्याला नाही म्हटलं तर तो त्या घराचा अपमान. तात्यांचं गुऱ्हाळ अगदी रस्त्याला लागून होतं. तात्या मोठ्या मनाचा माणूस. हाका मारून गाडी थांबेना, तर ते स्वतः रसाचा गडवा घेऊन रस्त्यावर आले, आणि मायेनं बैलांचा कासरा धरून गाडी आत वळवायला लागले. आत चुलवण भडकलं होतं. तात्यांची दोन पोरं चिपाडाचे कवळे आत कोंबत होती. ठिणग्या पार रस्त्याच्या कडेपर्यंत येत होत्या, आणि दारूची गाडी त्यांच्याकडं निघाली होती.

तू गाडीवरून उडी टाकलीस. तात्यांच्या हातातला कासरा हिसकलास आणि बैल जागच्या जागी फिरवले. गडवा खाली पडला, रस मातीत गेला. तात्या बघत राहिले. "काय झालं, बाई? इख घातलं का आमी त्यात?" असं ते म्हणाले. तू एक शब्द बोलली नाहीस. त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाहीस. चल, एवढंच मला म्हणालीस.

त्या दिवसापासून काटेवाडीत आपल्याला कुणी राम राम घातला नाही. एका धनगराच्या बाईनं भरल्या गुऱ्हाळात तात्यांचा रस सांडला, हे बाजारात, लग्नात, जत्रेत, सगळीकडं सांगितलं गेलं. तूही ऐकलंस. मी तुला हजारदा म्हणालो, "जाऊन सांग की त्यांना. पेट्यांत काय हुतं ते सांग. पाया पडतील तुझ्या." तू म्हणालीस, "शब्द दिलाय." आणि पुढच्या फेरीला गाड्या माळावर घातल्यास.

याबद्दल माझं तुझ्यावर रागावणं अजून संपलेलं नाही. माळाची वाट बरोबर होती. गप्प राहणं चूक होतं. ज्या माणसाच्या अंगणात मरण शिरत होतं त्याला ते सांगायचं नाही, आणि तो आपल्याला माजोरी म्हणतो ते ऐकून घ्यायचं, हा कसला शब्द? शेठच्या मालाची राखण झाली, आणि तू मात्र वर्षानुवर्षं खाली मान घालून बाजार केलास. तुझ्यासारखी ताठ बाई खाली बघत चालताना मी बघितलीय. ते मला आजही सोसत नाही.

आता त्या ओढ्याचं बोलतो. टाळून चालणार नाही.

वरकुट्याच्या अलीकडं वाट ओढ्यात उतरते, तिथं पावसानं कड खचलेली. तुझ्या गाडीचं चाक धोंड्यावर चढलं आणि गाडीचा भरलेला साटा कलंडायला लागला. तू खांदा लावलास. सोपाना आणि दुसरा गडी धावले, तर तू त्यांच्यावर ओरडलीस, "लांब व्हा. पेट्या सुटतील. लांब व्हा म्हणते ना." ते लांब झाले. तुझं ऐकायची सवय होती त्यांना. मी मागच्या गाडीवर होतो, एका हाकेच्या अंतरावर, तू ठरवलं होतंस तसंच. हाक ऐकून मी पळालो. तेवढं अंतर पळायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. मी पोचलो तेव्हा गाडी तुझ्या अंगावर होती, पेट्या ओढ्यात विखुरल्या होत्या आणि सगळीकडं शांत होतं. त्यातली एकही फुटली नव्हती.

सोपाना अजून जेवत नाही. म्हणतो, "मी ऐकलं नसतं तर गाडी धरली असती. आमी तिघं असतो तर धरली असती." खरंच आहे ते. मी त्याला खोटं सांगत नाही. पण मी त्याला विचारलं, "तुला कुठं ठाऊक हुतं पेट्या फुटणार न्हाईत म्हणून? आक्काला कुठं ठाऊक हुतं?" पेट्या पडल्यावर शहाणपण सांगायला आता सगळी वस्ती पुढं आलीय. चाक कलंडताना कुणाला विचारायचं? तेव्हा तू एकटीच होतीस, आणि फुटल्या तर एकटीवर फुटाव्यात एवढंच तू बघितलंस. याला कुणी हट्ट म्हणत असेल तर म्हणू दे. माझ्या दारात बसून म्हणू नये.

आणि न फुटलेल्या पेट्यांचा दाखला घेऊन जे आज कालव्याचा रस्ता मागतायत, त्यांना मला सांगायचंय. थंड ओढ्यात, गवताच्या पेंढ्यांवर, ओल्या तरटासकट पडल्या म्हणून त्या राहिल्या. त्या पेंढ्या तू घातल्या होत्यास, ते तरट तू भिजवलं होतंस. त्याच पेट्या काटेवाडीच्या चुलवणात पडतील तेव्हा बघायला यावं त्यांनी.

काल शेठ गेल्यावर मी धोतर झटकलं आणि थेट काटेवाडीला चालू लागलो. सुतकातून नुकताच बाहेर पडलेला माणूस, डोकं भादरलेलं, म्हणून कुणी अडवलं नाही. गुऱ्हाळ चालू होतं. तात्या गुळाच्या काहिलीजवळ उभे होते, आता पुष्कळ थकलेत. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं. मी रस्त्यावरच उभा राहिलो आणि मोठ्यानं बोललो, सगळ्या गड्यांना ऐकू जाईल असं.

"तात्या, माझी भन गेली."

"ऐकलं," ते म्हणाले. "वाईट झालं." पण पाठ तशीच.

"तिनं तुमचा रस सांडला हुता तवा गाडीत सुरुंगाची दारू हुती. भरलेली गाडी. तुमी तिला चुलवणाकडं वळवत हुता."

हाट्यानं काहिलीतला रस ढवळणारा गुळव्या थांबला. तात्या वळले. त्यांना समजायला थोडा वेळ लागला, आणि मग ते माझ्याकडं नाही, चुलवणाकडं बघायला लागले. त्यांची दोन्ही पोरं आता मोठी बापई माणसं झालीत, तिथंच काम करत होती.

"मग बोलली का न्हाय ती?" असं त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज चिडका होता, आणि मला तो आवडला, कारण मीही तुला नेमकं हेच विचारत आलोय.

"शब्द दिला हुता. शेठनं घेतला हुता."

"आन् मी गावभर तिला..." एवढं बोलून ते खाली बसले. बसूनच म्हणाले, "आमी माणसं न्हाय व्हय रं? आमच्या दारावरनं काय जातं ते आमाला नको ठाऊक व्हायला?"

"म्हणूनच आलोय. शेठ आता परत ह्याच रस्त्यानं गाड्या घाला म्हणतोय."

तात्यांनी थोरल्या पोराला जवळ बोलावलं आणि पुढच्या गुऱ्हाळावर धाडलं. मग पुढच्यावरून त्याच्या पुढच्यावर निरोप गेला. संध्याकाळपर्यंत कालव्याच्या रस्त्याला आपल्या गाड्यांत काय असतं हे माहीत नाही असं एकही गुऱ्हाळ उरलं नसावं. तू इतकी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट मी एका दुपारात वाटून टाकली. तुला राग आला असेल तर येऊ दे. मला फार बरं वाटलं. परत येताना मी वाटेत बसून रडलो, तू गेल्यापासून पहिल्यांदा.

इथवर परवा रात्री लिहिलं. आता पुढचं लिहितोय ते इंदापुरात, माल उतरवून, बैल सोडून.

काल सकाळी स्टेशनात शेठ आले तेव्हा पेट्या उतरवलेल्या होत्या आणि आपल्या गाड्या त्यांच्यापाशी उभ्या होत्या. पण बैल जुंपलेले नव्हते. शेठना काटेवाडीची खबर लागली होती. चेहरा लाल झाला होता.

"तू गावोगाव बोंबलत सुटलास म्हणे. तुझ्या बहिणीनं मला शब्द दिला होता."

"दिला हुता. मरेपातुर पाळलाबी. माझ्याकडनं तुमी कधी घेतला न्हाय, आन् आता मी देणार न्हाय."

"मी दुसऱ्या गाड्या लावीन."

"लावा. कालव्यानं न्या. तात्या रस्त्यावर उभं हायत, त्येंच्याशी तुमीच बोला. आमच्या गाड्या जात्याल तर माळानं, आन् दारू हाय म्हणून सांगत जात्याल. न्हाय तर बैल वस्तीला."

शेठ पेट्यांकडं बघत राहिले. ऊन पेट्यांवर यायला लागलं होतं आणि स्टेशनातला माणूस सारखा म्हणत होता, ही बला हितनं हलवा. सोपाना माझ्या मागं उभा होता. काही न सांगता त्यानं बैलांच्या मानेवर हात ठेवला. शेवटी शेठ म्हणाले, "न्या कुठनं न्यायच्या तिथनं," आणि छत्री उघडून चालू लागले. पुढच्या खेपेला ते दुसरा माणूस बघतील. बघू दे. त्या माणसालाही काटेवाडी ओलांडायची आहे.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवतो, आक्का. चैत्र सरला, गुऱ्हाळं विझली, की मी बैल कालव्यानंच नेणार आहे, तात्यांना विचारून आणि आधी वर्दी देऊन. ते भांडण मी तुझ्यापुढं हरलेलो नाही. तू मेलीस म्हणून मी ते सोडून देणार नाही.

पण काल माळानंच निघालो. पेठेच्या बाहेर येईपर्यंत माझी जीभ उचलेना. इतक्या वर्षांची सवय. मग पुढून एक म्हातारा शेळ्या घेऊन आला, तोंडात चिलीम, आणि मी ओरडलो. आपल्या गाड्यांवरून आजवर कुणी ओरडलं नव्हतं ते ओरडलो. "सुरुंगाची दारू हाय, आबा. इस्तू इझवा आन् लांब व्हा."

म्हातारा घाबरला नाही. त्यानं चिलीम धोंड्यावर झटकली, पायानं विस्तव विझवला, शेळ्या वळवल्या आणि आम्ही पार जाईपर्यंत बांधावर उभा राहिला. एवढंच करायचं होतं त्याला. एवढंच सांगायचं होतं आपण. दोन दिवस दिसेल त्याला मी ओरडून सांगत आलो, शेवटी सोपानानंही ओरडायला सुरुवात केली. माझा घसा पार बसलाय. पुढच्या फेरीला पुन्हा ओरडणार आहे.